उकिरडा आणि कचऱ्याचा डोंगर

आपल्याकडे एक म्हण आहे. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो. ज्याला कोणी विचारत नाही, त्याचेही दिवस एकदा पालटतात, असा तिचा अर्थ. म्हण माणसांसाठी केलेली आहे. पण ती खऱ्या उकिरड्यालाही लागू पडते. उलट त्याला बारा वर्षंसुद्धा लागत नाहीत. वर्षभर आपण उकिरड्यावर शेण टाकतो, गोठ्यातली झाडलोट टाकतो, चुलीतली राख टाकतो, भाजीची देठं टाकतो. उन्हाळ्यात ते सारं खत होऊन गाडीनं शेतात जातं. खड्डा रिकामा होतो. पाऊस पडला की पुन्हा भरायला लागतो. उकिरड्याचा पांग दरवर्षी फिटतो.

आता दुसरा एक उकिरडा पाहू. तो मुंबईत आहे, देवनारला. १९२७ साली तिथं शहराचा कचरा टाकायला सुरुवात झाली. जागा किती? १३२ हेक्टर, म्हणजे सव्वातीनशे एकर. एवढ्या जागेत एखादं लहान गाव शिवारासकट बसेल. तिथं कचऱ्यावर कचरा पडत गेला आणि त्याचे डोंगर उभे राहिले. २०१६ सालच्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली. ती काही दिवस विझेना. धूर इतका, की आकाशात फिरणाऱ्या उपग्रहाच्या फोटोतही तो दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा त्या उकिरड्याला नव्वद वर्षं होत आली होती. त्याचा पांग काही फिटला नव्हता.

कचरा इथंही आणि कचरा तिथंही. मग एकाचं खत होतं आणि दुसऱ्याचं विष होतं, असं का? हे नीट समजून घेतलं, तर कचऱ्याचं काय करावं हा प्रश्न निम्मा सुटतो.

उकिरड्यात काय घडतं

दुधाला विरजण लावलं की दही होतं. कोण करतं दही? डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. त्यांना जिवाणू म्हणतात. तसेच जिवाणू मातीत असतात आणि शेणात तर फारच असतात. चिमूटभर शेणात त्यांची मोजदाद करता येणार नाही. पालापाचोळा, काडीकचरा, उष्टंखरकटं हे त्यांचं अन्न. ते खातात, वाढतात, मरतात. त्यांच्या या खाण्यातूनच कचऱ्याचं खत होतं. शेण हे खताचं विरजण आहे, असं म्हटलं तरी चालेल.

या जिवांना तीन गोष्टी लागतात. खायला अन्न, थोडी ओल आणि हवा. अन्न तर आपण टाकतोच. ओल नसेल तर कचरा नुसता वाळतो. चार महिन्यांनी पाहावं तर तुराटी तशीच्या तशी. पाणी फार झालं तर तो सडतो आणि वास मारतो. हवा मिळाली तर काम झपाट्यानं होतं. ताजा, मोठा ढीग चार-पाच दिवसांनी आत उकरून पाहा. हाताला चटका बसेल. साठ अंशांच्या वर उष्णता जाते. त्या उष्णतेत तणाचं बी मरतं, रोगाचे जंतू मरतात. ही आग नव्हे. जिवाणूंच्या कामाची ती ऊब आहे.

एवढं असूनही आपला नेहमीचा उकिरडा काही फार चांगला म्हणता येत नाही. तो उघडा असतो. उन्हात त्याचा कस उडून जातो. पावसाच्या पाण्याबरोबर उरलेला कस ओढ्याला जातो. वर माशा घोंगावतात. अर्धवट कुजलेलं शेणखत शेतात घातलं, की त्याबरोबर हुमणीही येते आणि वाळवीही येते. ऊस, भुईमूग करणाऱ्यांना हुमणी कशी मुळं खाते, ते सांगायला नको. म्हणून उकिरड्यापेक्षा चांगली रीत पाहिजे. ती आहे. पण आधी त्या डोंगराचं पाहू.

डोंगरात काय घडतं

शहरात शिळी भाकरी, केळीची सालं, फुटकी बाटली, दुधाची पिशवी, जुनी चप्पल, औषधाच्या गोळ्या, बॅटरीचे सेल, तान्ह्या मुलांचे लंगोट हे सगळं वर्षानुवर्षं एकाच डब्यात जात आलं. डब्यातून गाडीत, गाडीतून डेपोत. डेपो म्हणजे शहराबाहेरची कचरा टाकायची जागा. तिथं तो नुसता ओततात. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा.

ढीग असा वाढला की आतल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. मग हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि बिनहवेचे दुसरे जिवाणू कामाला लागतात. ते कुजवतात, पण त्यातून एक वायू निघतो. त्याचं नाव मिथेन. तुमच्या गावात कोणाकडे गोबरगॅस असेल तर शेगडीत जळतो तो हाच वायू. टाकीत धरला तर तो स्वयंपाक करतो. डोंगरातून सुटला तर तिथंच पेट घेतो. एक आग विझवली तरी आतून धुमसत राहते. शिवाय हा वायू हवेत गेला की सूर्याची उष्णता धरून ठेवतो. धुरातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूपेक्षा त्याचा हा गुण, शंभर वर्षांच्या हिशेबानं, पंचवीस पटींहून जास्त आहे. पाऊसपाणी बिघडलं, उन्हाळे वाढले, असं आपण म्हणतो. त्यात अशा डोंगरांचाही थोडा वाटा आहे.

दुसरं संकट त्याहून जवळचं. चहाच्या गाळणीत चोथा राहिला आणि तुम्ही वरून पाणी ओतलं, तर खाली काय पडेल? रंगाचं पाणी. डोंगरावर पाऊस पडतो तेव्हा तेच होतं. पाणी वरून खाली झिरपतं आणि वाटेत जे भेटेल ते बरोबर घेतं. सेलमधलं शिसं, औषधांचे अंश, कुजलेल्या मांसाची घाण, सारं त्यात उतरतं. तळाशी काळं, उग्र वासाचं पाणी निघतं. ते जमिनीत मुरतं. जमिनीतलं पाणी कोणाच्या हद्दी पाळत नाही. ते उताराला लागतं आणि एखाद्या विहिरीत उतरतं.

तिसरं संकट म्हणजे डोंगर ढासळतो. दिल्लीला गाझीपूर इथं १९८४ पासून कचरा टाकतात. तो ढीग वाढता वाढता कुतुबमिनाराशी बरोबरी करू लागला. २०१७ साली १ सप्टेंबरला पावसानं त्याचा कडा कोसळला. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या शेजारच्या कालव्यात ढकलल्या गेल्या आणि दोन माणसं मेली. बिचारी आपल्या कामाला चालली होती. त्यांचा कचऱ्याशी काय संबंध?

कोणी म्हणेल, डेपो नीट बांधता येत नाही का? येतो. खाली चिकणमातीचा थर दाबून बसवतात. त्यावर जाड प्लास्टिकचा कापडासारखा पडदा अंथरतात. काळं पाणी गोळा करायला नळ घालतात, वायू काढून घ्यायला नळ घालतात, रोजच्या कचऱ्यावर रोज माती टाकतात. याला शास्त्रशुद्ध भरावभूमी म्हणतात. ती उघड्या डेपोपेक्षा नक्कीच बरी. पण तिला पैसा लागतो, राखण लागते. आणि कितीही नीट केली तरी जागा एक दिवस भरते. मग दुसरी जागा पाहिजे. दुसरी जागा म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गावाची शीव.

फुरसुंगीचं पाणी

शहराचा कचरा शहर बघेल, आम्हाला काय, असं वाटत असेल तर पुण्याजवळच्या दोन गावांची हकिगत ऐका. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही ती गावं. पुणे शहराचा कचरा कित्येक वर्षं तिथं नेऊन टाकत होते. शहर वाढलं तसा ढीग वाढला. गावांच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी बिघडलं. पिण्याजोगं राहिलं नाही. ज्या गावांची स्वतःची विहीर होती, त्यांना टँकरची वाट बघत बसावं लागलं. घरात माशा, अंगणात वास. अशा गावात मुलगी द्यायची तर बाप दहा वेळा विचार करील, हे कोणालाही समजेल.

गावकरी गप्प बसले नाहीत. त्यांनी पुन्हा पुन्हा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. २०१७ सालच्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, तेव्हा तर सुमारे तीन आठवडे त्यांनी गाड्या येऊ दिल्या नाहीत. इकडं पुण्यात रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. आपला कचरा रोज कुठं जातो, हे अनेक शहरवाल्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

या भांडणात गावकऱ्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. ज्यानं घाण केली त्यानं ती आपल्या दारात निस्तरावी, हे साधं म्हणणं आहे. गेल्या काही वर्षांत पुण्यात त्या दिशेनं काही कामही झालं. कचरा वेचणाऱ्या बाया तिथं १९९३ साली एकत्र आल्या आणि त्यांनी आपली संघटना उभी केली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत हे तिचं नाव. पुढं त्यातूनच 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था निघाली. २००८ साली महापालिकेनं तिच्याशी करार केला. पूर्वी ज्या बाया उकिरडे उपसत होत्या, त्या आता घरोघरी जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घेऊ लागल्या. सुक्या कचऱ्यातलं विकण्याजोगं त्या विकतात. त्यांनी वेचलेला कागद, पत्रा, प्लास्टिक पुन्हा कारखान्यात जातं. तेवढा कचरा डेपोत जायचा वाचतो. घाण करणारा शहाणा आणि ती उचलणारा हलका, हा हिशेब आपल्या समाजानं पिढ्यान् पिढ्या चालवला. तो किती उलटा आहे, ते या बायांच्या कामावरून दिसतं.

आता गावाचंही बघा

हे झालं शहराचं. पण आपल्या गावाच्या ओढ्यावर एकदा फेरी मारा. तिथं काय दिसतं? गुटख्याच्या पुड्या, शांपूच्या पुड्या, लग्नातले थर्माकोलचे द्रोण, औषध फवारणीच्या बाटल्या, काळ्या पिशव्या. हा लहानसा देवनारच आहे. त्याला अजून डोंगर म्हणत नाहीत, एवढंच.

आजोबांच्या काळात उकिरड्यावर काहीही टाकलं तरी चालत होतं. कारण टाकायला होतं काय? पान, शेण, राख, चिंधी, मडक्याचं खापर. सगळं मातीतून आलेलं. मातीत परत गेलेलं. प्लास्टिक तसं नाही. ते जिवाणूंना खाता येत नाही. ते फाटतं, त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे बारके तुकडे होतात, पण कुजत नाही. उकिरड्याबरोबर ते शेतात जातं. नांगराला, कुळवाला अडकतं. मातीत जिथं पिशवी पडते, तिथं पाणी धड मुरत नाही आणि मूळ धड खाली जात नाही.

गाईचं तर विचारूच नका. पिशवीत शिळी भाजी बांधून फेकली, की गाय ती पिशवीसकट खाते. पिशवी पुढं सरकत नाही. कोठ्यातच राहते. एकीवर एक साचते. पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून गाय चारा खात नाही, आणि अंगावर मांस राहत नाही. मेलेल्या जनावरांच्या पोटातून पिशव्यांचे मोठमोठे गोळे निघाले आहेत. ज्यानं पिशवी फेकली त्यानं गाईला काठीही मारली नव्हती. पण जीव गेलाच.

काही जण म्हणतात, जाळून टाकावं, कटकट नको. हे मात्र करू नका. पालापाचोळ्याचा धूर आणि प्लास्टिकचा धूर एक नव्हे. काही प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिन नावाचं जहरी द्रव्य निघतं. ते चाऱ्यावर बसतं, चाऱ्यातून दुधात येतं. आणि प्लास्टिकनं चूल पेटवणं तर फारच वाईट. धूर आधी माउलीच्या आणि कडेवरच्या लेकराच्या छातीत जातो.

सगळं एकत्र झालं की बिघडतं

शिळी भाकरी वाईट नाही, तिचं खत होतं. काचेची बाटली वाईट नाही, ती भंगारवाला घेतो. दोन्ही एका डब्यात पडली, बाटली फुटली, भाकरी सडली, की मग दोन्ही फुकट. खतात काच आली तर शेतकरी ते खत घेणार नाही. उष्ट्यानं बरबटलेली बाटली भंगारवाला घेणार नाही. मिश्र कचऱ्यापासून केलेल्या खतात काच येते, प्लास्टिक येतं, सेलमधले जड धातूही येतात. असं खत स्वस्त मिळालं तरी शेतात घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

आपल्या देशातल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला, म्हणजे कुजणारा माल असतो. तो आधीच वेगळा काढला तर डेपोचा अर्धा भार गेला. वासही गेला, वायूही गेला, काळं पाणीही पुष्कळसं गेलं. म्हणून २०१६ साली केंद्र सरकारनं शहरांसाठी नियम केले. त्यांत घरोघरी कचऱ्याचे तीन भाग करावेत असं सांगितलं. ओला, सुका आणि घरातला घातक. डेपोत जावं ते फक्त ज्याचं दुसरं काहीच करता येत नाही असं.

नियम कागदावर राहतात, असं तुम्ही म्हणाल. पुष्कळ ठिकाणी राहिलेही. पण इंदूरला तसं झालं नाही. होळकरांचं इंदूर आपल्याला परकं नाही. मराठी माणसांची तिथं मोठी वस्ती आहे. त्या शहराचा डेपो देवगुराडिया इथं होता. वर्षानुवर्षांचा सुमारे १३ लाख टन कचरा तिथं पडून होता. शहरानं घराघरातून ओला आणि सुका वेगळा घ्यायला सुरुवात केली. मग जुना डोंगर उपसला. यंत्राच्या मोठ्या चाळण्या लावल्या. माती निराळी, प्लास्टिक निराळं, दगडविटा निराळ्या. २०१८ साल संपेपर्यंत डोंगर गेला. त्याच देवगुराडियाला २०२२ च्या फेब्रुवारीत एक मोठा गॅसचा कारखाना सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा घ्यायचा आणि त्यातून १७,००० किलो गॅस काढायचा, एवढी त्याची ताकद आहे. त्या गॅसवर शहराच्या बसगाड्या चालतात. पूर्वी डोंगरातून सुटून जो वायू आग लावत होता, तोच आता माणसांना कामावर पोचवतो.

आपल्या कोकणात वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनंही हे करून दाखवलं. गाव लहान, पैसा बेताचा. पण कचरा घरातच वेगळा करायचा, हे लोकांनी मनावर घेतलं. जिथं डेपोचा वास यायचा, ती जागा आता लोक मुद्दाम पाहायला जातात.

इंदूरचीच जुनी गोष्ट

इंदूरचं नाव खताशी जोडलं गेलं ते मात्र आजकालचं नाही. शंभर वर्षांपूर्वी अल्बर्ट हॉवर्ड नावाचे एक इंग्रज शेतीशास्त्रज्ञ तिथं होते. १९०५ साली ते हिंदुस्थानात आले. आपण इथल्या शेतकऱ्यांना शिकवायला आलो, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं असेल. पण ते इथल्या शेतकऱ्यांकडूनच शिकले, आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत त्यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर घालून खत करायची पद्धत बसवली. ढीग तीन वेळा वर-खाली करायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. १९३१ साली दोघांनी मिळून या पद्धतीचं पुस्तक लिहिलं. तिला इंदूर पद्धत हेच नाव पडलं, आणि त्या नावानं ती जगभर गेली.

पण ढीग तीन वेळा उलथायला हात लागतात, आणि सुगीत माणूस मिळत नाही. ही अडचण विदर्भातल्या एका माणसानं सोडवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षरांवरून त्यांच्या पद्धतीला नाडेप म्हणतात. लोक त्यांनाही नाडेपकाका म्हणत. त्यांची युक्ती अशी, की ढीग हलवायचा नाही. हवा आत जायला टाकीच्या भिंतीलाच भोकं ठेवायची. दुसरी गोष्ट म्हणजे या टाकीला शेण फार थोडं लागतं. ज्याच्या दारात एकच गाय आहे, तोही ती भरू शकतो.

टाकी कशी भरायची

टाकी जमिनीच्या वर बांधायची, खड्डा खणायचा नाही. आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच. भिंत नऊ इंचांची. विटा मातीत बसवल्या तरी चालतात. शेवटचा थर तेवढा सिमेंटचा करावा, म्हणजे काठ ढासळत नाही. विटांचे दोन थर झाले की तिसऱ्या थरात सात-सात इंचांची भोकं सोडायची. चारही बाजूंना. जागा पाणी न तुंबणारी, थोड्या सावलीची पाहावी.

सामान आधी जमवून ठेवावं. टाकी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत भरली पाहिजे. आज थोडी, आठ दिवसांनी थोडी, असं केलं तर खत एकसारखं होत नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथंच. काडीकचरा, पालापाचोळा, धसकटं, तण मिळून चौदा-पंधराशे किलो लागतं. शेण नव्वद ते शंभर किलो. चाळलेली कोरडी माती सुमारे साडेसतराशे किलो. आणि पाणी दीड-दोन हजार लिटर. पऱ्हाटी, तुराटी असेल तर बारीक तोडून घ्यावी. मातीत काच, प्लास्टिक, दगड नको.

आधी टाकीला आतून आणि तळाला शेणमातीचा सडा-सारवण करून घ्या. मग पहिला थर काडीकचऱ्याचा, सहा इंचांचा. त्यात थोडा कडुनिंबाचा किंवा पळसाचा पाला मिसळला तर वाळवी येत नाही. दुसरं, चार किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून त्या थरावर सगळीकडं शिंपडा. उन्हाळा असेल तर पाणी जास्त घ्या. हे झालं विरजण. तिसरं, त्यावर पन्नास-साठ किलो माती पसरा आणि पाण्याचा हलका शिपका मारा. झाला एक थर. असेच थर घालत जा. अकरा-बारा थरांत टाकी भरते. काठाच्या वर दीड फूट चढवा आणि झोपडीच्या छपरासारखा उतार द्या. मग वरून तीन इंच मातीचा लेप देऊन शेणानं लिंपून घ्या.

पंधरा-वीस दिवसांनी ढीग आठ-नऊ इंच खाली बसेल. घाबरू नका. आतलं काम चालू आहे. लेप काढून पुन्हा थर घाला, काठाच्या वर आणा आणि पुन्हा लिंपा. नंतर दोन गोष्टींकडं लक्ष ठेवायचं. लेपाला तडा गेला तर शेणानं बुजवायचा. आणि ओल टिकवायची. भोकांतून पाणी शिंपडता येतं. कडक उन्हाळ्यात वर गवताचं आच्छादन टाकावं.

तीन-चार महिन्यांत खत होतं. ते ओळखायचं कसं? रंग काळपट तपकिरी होतो. काडी आणि पान ओळखू येत नाही. हातात गरम लागत नाही. वास घेतला तर शेणाचा येत नाही, पहिल्या पावसात माती भिजते तसा येतो. असं खत उन्हात वाळू घालू नये. एका टाकीतून सुमारे तीन टन खत निघतं.

टाकीचा खर्च एकट्याला जड वाटला तर दोन-तीन घरांनी मिळून बांधावी. ग्रामपंचायतीकडं चौकशी करावी, कधी योजनेतून मदत मिळते. शहरात किंवा गावठाणात ज्यांच्याकडं शेत नाही, त्यांना जुनी बादली किंवा भोकं पाडलेलं मडकंही पुरतं. पद्धत तीच, ओल, हवा आणि विरजण.

आता सुका माल. कागद, पत्रा, काच, बाटल्या धुऊन-पुसून एका पोत्यात ठेवा. महिन्यानं भंगारवाल्याला द्या. चार पैसे येतील. न विकणाऱ्या पिशव्या आणि पुड्या वेगळ्या पोत्यात भरून पंचायतीला द्याव्यात. पंचायत घेत नसेल तर ग्रामसभेत उठून विचारावं, आमची पोती कुठं ठेवू? हा प्रश्न एका बाईनं विचारला तर हसतील. वीस बायांनी विचारला तर हसणार नाहीत.

फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांचं वेगळं सांगितलं पाहिजे. रिकामी झाली की ती तीन वेळा पाण्यानं विसळा आणि ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओता. मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे कोणी तिच्यात रॉकेल, तेल किंवा पाणी भरणार नाही. विहिरीवर, ओढ्यावर ती धुऊ नका. जुने सेल, फुटलेल्या ट्यूबलाइट, उरलेली औषधं हेही वेगळ्या डब्यात, लेकरांचा हात पुरणार नाही असं ठेवा. त्यातलं काहीही खताच्या टाकीत जाता कामा नये.

तयार झालेलं खत शेतात नेण्याआधी चाळून घ्यावं. चाळणीवर अर्धवट कुजलेल्या काड्या, धसकटांचे तुकडे राहतात. ते फेकू नयेत. पुढची टाकी भरताना तेच पहिल्या थरात घालावेत. त्यांत जिवाणू आधीच भरलेले असतात, म्हणून त्या टाकीचं विरजण लवकर लागतं.